पाढे, पाटी आणि परीक्षा : मराठी शाळेतील गणिताच्या वर्गाच्या अपेक्षा व नियम

१. प्रास्ताविक

शिक्षणाच्या इतिहासात संस्था, कायदे आणि थोर पुरुष यांना जेवढे स्थान मिळते तेवढे प्रत्यक्ष वर्गाला मिळत नाही. शाळेची स्थापना केव्हा झाली, अनुदान किती मिळाले, अहवाल कोणी लिहिला हे सांगितले जाते. परंतु गणिताच्या तासाला मुलाने काय करावे अशी अपेक्षा होती, केव्हा त्यास शाबासकी मिळे आणि केव्हा छडी, उत्तर बरोबर आले पण रीत चुकली तर त्याचे काय होई, या प्रश्नांना इतिहासात क्वचितच जागा मिळते. वस्तुतः हे प्रश्न किरकोळ नाहीत. कोणता समाज कशास ज्ञान म्हणतो आणि ते ज्ञान झाले की नाही हे ठरविण्याचा अधिकार कोणास देतो, हे वर्गाच्या नियमांतून जितके स्पष्ट दिसते तितके धोरणाच्या ठरावांतून दिसत नाही.

प्रस्तुत निबंधात मुंबई इलाख्यातील मराठी शाळेच्या गणितवर्गाचा या दृष्टीने विचार केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या पंतोजींच्या शाळेपासून विसाव्या शतकाच्या मध्यावर दशमान पद्धती येईपर्यंतचा हा कालखंड होय. या काळात गणिताच्या आशयात झालेला फरक मोठा असला, तरी त्याहून मोठा फरक गणिताच्या परीक्षकात झाला. मुलाचा हिशेब प्रथम बाजार तपाशीत असे. पुढे तो सरकारी खाते तपासू लागले. या एका स्थित्यंतराने वर्गाची शिस्त, पाठांतराचे मोल, रीतीचे महत्त्व आणि अखेर गणित शिकण्याचे प्रयोजनही बदलले, असा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

२. पंतोजींची शाळा : वर्गाविना गणित

पंतोजींच्या शाळेस आजच्या अर्थाने ‘वर्ग’ नव्हता. देवळाची ओसरी, एखाद्या सधन गृहस्थाची पडवी किंवा पंतोजींचे स्वतःचे घर हीच शाळा. प्रवेशाचा ठराविक महिना नाही, इयत्ता नाही, हजेरीपट नाही, वार्षिक परीक्षा नाही. प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे सरके, आणि जे मूल पुढे गेले तेच मागच्याला शिकवी. धूळपाटीवर अक्षरे व अंक गिरवून झाले की उजळणी सुरू होई. पाढे, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असा चढता क्रम असे. सायंकाळी सर्व मुले एकत्र उभी राहून मोठ्याने परवचा म्हणत.

या पाठांतरास पुढील काळात निर्बुद्ध घोकंपट्टी म्हणण्याचा प्रघात पडला. घोकंपट्टी ती होतीच. परंतु ती निर्हेतुक नव्हती. तत्कालीन व्यवहारातील परिमाणे अर्ध्याने आणि चौथाईने विभागली जात. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक ही उतरंड प्रत्येक पायरीस निम्मी होत जाते. पुढे जो रुपया सर्वत्र रूढ झाला त्याचे सोळा आणे व चौसष्ट पैसे. मण चाळीस शेरांचा आणि खंडी वीस मणांची. जमिनीच्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. अशा जगात पाव, निम, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे तोंडपाठ असणे म्हणजे व्यवहाराची किल्ली हाती असणे होय.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा असल्यामुळे, जितक्या रुपयांना मण तितक्या आण्यांना अडीच शेर, हा आडाखा आपोआप निघतो. सात रुपये मण या भावाने साडेबारा शेर धान्याची किंमत काढावयाची असेल, तर साडेबारा म्हणजे अडीचाचे पाच हे अडीचकी पाठ असलेल्या मुलास तत्काळ दिसते; आणि साता पाचा पस्तीस, म्हणजे पस्तीस आणे, अर्थात दोन रुपये तीन आणे हे उत्तर पाटीस हात न लावता निघते. लेखी त्रैराशिकाने हेच उत्तर येते, परंतु तराजूसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास किंवा दुकानदारास तेवढी सवड नसते.

या शाळेची अपेक्षा त्यामुळे स्पष्ट होती : उत्तर त्वरित, तोंडी व अचूक यावे. रीत सांगण्याची अपेक्षा नव्हती. रीत का चालते हे विचारण्याची तर मुळीच नव्हती. आकडेमोडीमागील उपपत्तीचा विचार हा संस्कृत पाठशाळेतील ज्योतिषाभ्यासाचा प्रांत. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात आहे. महाराष्ट्रात गणिताच्या शास्त्राची परंपरा होती. परंतु ती आणि पंतोजींची उजळणी यांची सहसा गाठ पडत नसे. एकीकडे उपपत्ती होती, दुसरीकडे हातोटी होती, आणि दोहोंच्या मध्ये जातीची व भाषेची भिंत होती.

या शिक्षणाचे फलित मात्र परकीय अधिकाऱ्यांच्याही नजरेत भरले. मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये असे नमूद केले की इलाख्यातील बहुतेक लहानमोठ्या गावी शाळा आहे, आणि आपला हिशेब ठेवण्यात येथील सामान्य शेतकरी किंवा किरकोळ व्यापारी इंग्लंडातील खालच्या वर्गांपेक्षा अधिक अचूक आहे. हे चित्र काहीसे उजळ रंगविलेले आहे यात शंका नाही. १८२९ च्या सरकारी गणतीत सुमारे सत्तेचाळीस लक्ष लोकसंख्येमागे १,७०५ शाळा व सुमारे पस्तीस हजार विद्यार्थी आढळले. ही गणती अपुरी होती असे रा. वि. परुळेकर यांनी या सर्वेक्षणाच्या कागदपत्रांच्या आधारे दाखविले आहे. तथापि गणती कितीही वाढविली तरी शाळेत मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्यांची मुले नव्हती, ही वस्तुस्थिती पालटत नाही. पंतोजींची शाळा ज्यांच्या व्यवहारास लेखणीची गरज होती त्यांचीच होती.

शिस्तीचे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबई इलाख्याच्या सीमेलगत असलेल्या बळ्ळारी जिल्ह्याचे कलेक्टर कॅम्बेल यांनी १८२३ मध्ये तेथील ५३३ शाळांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी २३ मराठी होत्या. शाळेत प्रथम येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहिले जाई. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत, म्हणजे स्तुतीही नाही आणि निंदाही नाही. तिसऱ्यास एक हलकी छडी, चौथ्यास दोन, आणि पुढे प्रत्येकास एकेक अधिक. उशिराची शिक्षा स्वतःच एक श्रेढी होती. मूल गणित शिकत असतानाच गणिताने मोजले जात होते, असे म्हणावयास हरकत नाही.

३. जर्व्हिस यांची पुस्तके व सोसायटीचे शिक्षक

एल्फिन्स्टन यांनी १८२३ च्या डिसेंबरात शिक्षणाविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. देशी शाळांतील शिकविण्याची पद्धत सुधारणे, शाळांची संख्या वाढविणे आणि त्यांस पुस्तके पुरविणे यांचा त्यात आग्रह होता. त्याच सुमारास मुंबईतील शाळापुस्तक मंडळीने, म्हणजे पुढे १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने, देशी शिक्षणाचे चार दोष सांगितले : पुस्तके नाहीत, सुलभ अध्यापनपद्धती नाही, लायक शिक्षक नाहीत आणि द्रव्य नाही. या निदानावर उपाय म्हणून दोन गोष्टी हाती घेण्यात आल्या. एक, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मराठीत गणिताची पुस्तके तयार करणे. आणि दुसरी, शिक्षक तयार करून जिल्ह्यांच्या शाळांवर पाठविणे. १८२६ मध्ये अशा चोवीस शिक्षकांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांत मराठी शाळांसाठी चौदा आणि गुजराती शाळांसाठी दहा होते.

जर्व्हिस यांच्या गणिताचा मुख्य आधार चार्ल्स हटन यांचा ग्रंथ होता. हटन हे वूलिच येथील लष्करी विद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आणि त्यांचा ग्रंथ तोफखान्याच्या व अभियांत्रिकीच्या छात्रांसाठी लिहिलेला. जर्व्हिस स्वतः अभियंते. मुंबईच्या गणितशिल्पविद्यालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. साहजिकच व्याख्या, नियम, उदाहरण, ताळा अशी मांडणी मराठी शाळेत प्रथमच आली. पंतोजींच्या शाळेत गणित कानाने शिकले जाई. आता ते डोळ्यांनी शिकावयाचे झाले. अपूर्णांकास अंश आणि छेद आले, दशांश चिन्ह आले, आणि ‘रीत’ या शब्दास वर्गात स्वतंत्र प्रतिष्ठा आली. इतकेच नव्हे तर उपपत्ती आणि हातोटी यांच्यामधील जुनी भिंत मराठी भाषेतच ओलांडता येईल, ही शक्यता प्रथमच निर्माण झाली. पुढे बाळशास्त्री जांभेकर यांनी शून्यलब्धीसारखा उच्च गणिताचा विषय मराठीत आणला आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी अंकगणितापासून ग्रहगणितापर्यंत मराठीत ग्रंथरचना केली, ती या शक्यतेचीच फळे होत.

अध्यापनपद्धती म्हणून सोसायटीने लँकेस्टर यांची पद्धत स्वीकारली. या पद्धतीत हुशार मुलांस मॉनिटर नेमून त्यांच्याकरवी इतरांस शिकवीत. या स्वीकारात एक विलक्षण योगायोग आहे. इंग्लंडात या पद्धतीचा पुरस्कार करणारे डॉ. अँड्र्यू बेल यांनी ती अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात सिद्ध केली होती, आणि वाळूवर अक्षरे गिरविण्याची कल्पना त्यांनी तेथील देशी शाळेवरून घेतली होती. म्हणजे पंतोजींची मोठ्या मुलाने लहानास शिकविण्याची चाल व धूळपाटी यांसारखीच रीत समुद्रापलीकडे जाऊन नवे नाव धारण करून परत आली. फरक इतकाच की परत येताना तिने शिस्त बदलून आणली. आता मुले समान पायरीच्या तुकड्यांत उभी राहू लागली, घंटेबरोबर जागा बदलू लागली, आणि एकमेकांच्या पुढे-मागे मोजली जाऊ लागली. ‘वर्ग’ नावाची वस्तू मराठी शाळेत अशी रुजली.

४. खाते, इयत्ता आणि इन्स्पेक्टर

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले, आणि त्याबरोबर शाळेत एक नवी व्यक्ती आली : डेप्युटी इन्स्पेक्टर. पंतोजींच्या शाळेत मुलाची परीक्षा घरी बापाने सांगितलेल्या हिशेबाने होई, नंतर दुकानात किंवा कचेरीत होई. आता ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रश्नांनी, गावाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडून होऊ लागली. अभ्यासक्रमाचे तुकडे पडून इयत्ता बनल्या. कोणत्या इयत्तेत किती पाढे, कोणते अपूर्णांक, कोणती राशिके हे छापील नियमाने ठरले. वरच्या इयत्तांत, म्हणजे आज ज्यांस उच्च प्राथमिक म्हणतात त्या टप्प्यात, पंचराशिक, व्याज, दशांश अपूर्णांक आणि मोजणीचे हिशेब आले. त्या वाटेच्या अखेरीस मराठी शाळेची शेवटची परीक्षा होती. मुलकी परीक्षा या नावाने जी ओळख रूढ झाली तीत या परीक्षेचे प्रयोजनच सांगितलेले आहे : ती शाळाखात्यातील व मुलकी खात्यातील लहान नोकरीचे दार होती.

अनुदानाच्या नियमांनी या परीक्षेस अधिकच धार आली. इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या सुधारित संहितेने वाचन, लेखन व गणित यांत मुले जितकी उत्तीर्ण होतील त्या मानाने शाळेस पैसे देण्याची पद्धत सुरू केली. त्याच दशकात मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांसाठी निकालानुसार अनुदानाचे तत्त्व आले. या पद्धतीचा वर्गावर झालेला परिणाम समजण्यास फारसा तर्क लागत नाही. ज्या उत्तरावर शाळेचे पैसे अवलंबून, ते उत्तर पाटीवर दिसलेच पाहिजे. आणि जे पाटीवर दिसत नाही ते मोजता येत नाही. तोंडी हिशेब अभ्यासक्रमातून गेला नाही, परंतु त्याचे वजन घटले. उत्तरापेक्षा मांडणी, वेगापेक्षा टापटीप आणि आडाख्यापेक्षा पुस्तकातील रीत ही नवी मूल्ये ठरली.

लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत सांगितली जाणारी एक आठवण या संदर्भात अर्थपूर्ण आहे. विद्यार्थिदशेत ते गणिते पाटीवर न मांडता मनात सोडवीत आणि उत्तर तेवढे सांगत, त्यावरून शिक्षकांशी त्यांचा खटका उडे. ही गोष्ट सामान्यतः त्यांच्या बुद्धीचे किंवा बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून सांगतात. परंतु तिच्यात दोन शिस्तींचा संघर्षही पाहता येतो. पंतोजींच्या शाळेत असे मूल आदर्श ठरले असते. खात्याच्या शाळेत ते नियमभंग करणारे ठरले.

रीत मांडून दाखविण्याचा आग्रह सर्वस्वी दोषार्ह होता असे मात्र नव्हे. मनातल्या मनात सोडविलेले गणित चुकले तर चूक कोठे झाली हे इतरांस सांगता येत नाही, आणि स्वतःलाही क्वचितच कळते. मांडलेली रीत दुसऱ्यास तपासता येते, तिजवर वाद घालता येतो, आणि ज्याच्या घरात हिशेबाची परंपरा नाही त्यासही ती शिकता येते. हातोटी वारशाने येते. रीत छापील पुस्तकाने पोहोचू शकते. खात्याच्या गणितात लोकशिक्षणाचे बीज होते ते येथे.

५. हिशेब कोणाच्या हाती

हे बीज रुजले किती, याचा विचार करता शाळेच्या भिंतीबाहेर पाहावे लागते. गणित न येण्याची किंमत कोणी दिली, याचे उत्तर दख्खनच्या खेड्यांत आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने माणसांवर नव्हता; त्यांना खते व रोखे हवे होते, आणि हाती आलेले कागद त्यांनी जाळले. ज्या कागदावरील आकडा आपणास वाचता येत नाही, ज्यातील व्याजावरचे व्याज आपणास पडताळता येत नाही, त्याच्याशी वाद घालण्याचा एकच मार्ग त्यांना उरला होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोस पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला, दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिण्याची अट घातली आणि व्यवहाराचा मागील इतिहास तपासण्याचे काम न्यायालयाकडे सोपविले. हक्क मिळाला, परंतु मिळालेला उतारा पडताळून पाहण्यास लागणारे गणित कायद्याने देता येत नव्हते.

त्यातही विसंगती अशी की शाळांचा खर्च बऱ्याच अंशी याच शेतकऱ्याच्या खिशातून होत होता. १८६३-६४ पासून जमीनसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाऊ लागला, १८६९ च्या कायद्याने त्यास वैध स्वरूप आले, आणि त्याचा एक-तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. पट्टी कुणब्याची आणि मुलकी परीक्षेची वाट मुख्यतः इतरांची, असे हे चित्र होते. अस्पृश्य मुलांची स्थिती याहून बिकट. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला आणि मुंबई सरकारने तेव्हा त्याच्या बाजूने हस्तक्षेप केला नाही. सरकारी शाळा सर्वांस खुल्या आहेत हे तत्त्व पुढे वरून मान्य झाले. ओसरीवर ते उतरण्यास अनेक दशके लागली.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेले निवेदन वाचावे लागते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा उघडणाऱ्या या पुरुषाने प्राथमिक शाळेसाठी जो अभ्यासक्रम सुचविला त्यात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांचे पाठ होते. यातील ‘मोडी’ आणि ‘हिशेब’ हे दोन शब्द शेजारी असणे महत्त्वाचे आहे. सावकाराचे खाते मोडीत असे. बालबोध पुस्तकातील गणित सोडविणाऱ्या मुलास मोडीतील खाते वाचता येत नसेल, तर त्याचे गणित नेमके ज्या ठिकाणी लागावयाचे त्याच ठिकाणी निरुपयोगी ठरते. फुल्यांची अपेक्षा परीक्षेतील गुणांची नव्हती. खाते उघडून पाहू शकणाऱ्या शेतकऱ्याची होती.

६. देशी रीतींचे पुनरागमन

हंटर कमिशननेही वेगळ्या वाटेने जवळपास तोच निष्कर्ष काढला. प्राथमिक परीक्षेच्या इयत्ता सोप्या कराव्यात आणि देशी पद्धतीचे गणित, जमाखर्च व मोजणी यांसारख्या व्यवहारोपयोगी विषयांस अधिक स्थान द्यावे, अशी त्याची शिफारस होती. ज्या उजळणीस दोन पिढ्या जुनाट म्हणून बाजूस सारले जात होते तिचे मोल अधिकृत रीतीने मान्य झाले. याचे एक कारण उघड आहे. १८८१-८२ मध्ये मुंबई इलाख्यात खात्याच्या मदतीविना चालणाऱ्या देशी शाळा साडेतीन हजारांहून अधिक होत्या. जवळ सरकारी शाळा असतानाही आईबाप मुलास पंतोजींकडे पाठवीत, कारण पंतोजींचा मुलगा बाजारात उभा राहू शकत होता. पालकांनी आपला कौल शब्दांनी दिला नव्हता, फी देऊन दिला होता.

निकालानुसार अनुदानाची पद्धतही फार काळ टिकली नाही. इंग्लंडात ती १८९० च्या दशकात मोडीत निघाली आणि हिंदुस्थान सरकारच्या १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने येथेही ती त्याज्य ठरविली. परंतु वर्गाच्या सवयी नियमांपेक्षा चिवट असतात. पैसे देण्याची रीत गेली तरी परीक्षेसाठी गणित ही वृत्ती राहिली, कारण मुलकी परीक्षेच्या पलीकडे नोकरी उभी होती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी शाळेत दोन्ही शिस्ती एकत्र नांदताना दिसतात : सायंकाळी परवचा, दिवसा पाटीवर रीत. दोहोंची सांगड घालणारा शिक्षक भेटला तर मुलाचे भाग्य. न भेटला तर दोन्हींचा जाच.

७. वर्धा योजना व दशमान पद्धती

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला त्यात गणितास उद्योगाशी जोडले. हस्तव्यवसाय, घर व समाजजीवन यांत उद्भवणारे प्रश्न त्वरेने सोडविता यावेत आणि जमाखर्च ठेवता यावा, ही तेथील अपेक्षा. चार फुटांची एक तार, ६४० तारांची एक गुंडी, गुंडीच्या वजनावरून सुताचा अंक, अशा मोजमापांतून मुलाने अपूर्णांक व प्रमाण शिकावे असा हेतू होता. परीक्षकाची जागा येथे वस्तूने घेतली : सूत जाड निघाले की बारीक हे तराजू सांगतो, इन्स्पेक्टर नव्हे. पंतोजींच्या शाळेतील बाजाराची कसोटी आणि खात्याच्या शाळेतील रीत यांचा मेळ घालण्याचा हा गंभीर प्रयत्न होता. मात्र टकळीवरील गणित जेथे आपोआप उद्भवत नव्हते तेथे ते ओढून आणले जाई, आणि वरच्या इयत्तांतील बीजगणित व भूमिती यांस उद्योगात पुरेसा आधार सापडत नसे, ही या योजनेची मर्यादा होती.

जुन्या उजळणीवर अखेरचा आघात शिक्षणतज्ज्ञांनी केला नाही. तो टांकसाळीने आणि वजनमापांनी केला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने येत १९६२ पर्यंत मेट्रिक वजनांनी शेर-मणाची जागा घेतली. जितक्या रुपयांना मण तितक्या आण्यांना अडीच शेर, हा आडाखा एका पिढीत अर्थशून्य झाला. त्याच्या जागी जितक्या रुपयांना किलो तितक्या पैशांना दहा ग्रॅम, असा नवा आडाखा निघू शकतो. परंतु तो इतका सरळ आहे की त्यासाठी पाढ्याची गरजच उरत नाही. औटकी पाठ करण्यास कारण राहिले नाही. ज्या गोष्टीचे मूळ बाजारात होते ती बाजार बदलताच सुकली, हे स्वाभाविकच होते.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा इयत्तांत गणित सर्वांसाठी आवश्यक असावे असे म्हटले. पंतोजींच्या शाळेत गणित काहींसाठी होते. आता ते तत्त्वतः सर्वांसाठी झाले. परंतु सर्वांसाठी म्हणताच जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला : सर्वांकडून अपेक्षा काय, आणि ती पुरी झाली की नाही हे कोणी ठरवावे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलास त्याच इयत्तेत मागे ठेवण्यास मनाई केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षांबाबत राज्यांना पुन्हा मोकळीक दिली. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ याबरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा उठलेला वाद केवळ शब्दांचा नव्हता. संख्या कानाने शिकावी की डोळ्यांनी, जुनी लय राखावी की रचना स्पष्ट करावी, हाच जर्व्हिस यांच्या पुस्तकांबरोबर सुरू झालेला वाद तेथे पुन्हा उभा राहिला.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की पाठांतर आणि आकलन यांना परस्परांचे वैरी मानून मराठी शाळेतील गणिताचा इतिहास लिहिता येत नाही. उजळणीमागे परिमाणांची एक सुसंगत रचना होती. ती रचना होती तोवर पाठांतर हेच व्यवहारातील आकलन होते. रचना मोडल्यावर मागे उरले ते निव्वळ पाठांतर, आणि टीका झाली ती बहुतांशी या उरलेल्या सांगाड्यावर.

दुसरा निष्कर्ष रीतीविषयी. लेखी रीतीच्या आग्रहाने परीक्षेचे जोखड आणले हे खरे. पण ज्या मुलाच्या घरी वही-खतावणी नव्हती त्यास गणिताचे दार त्याच रीतीने उघडले. दोष रीतीचा नव्हता. रीत तपासण्याचे काम समजुतीऐवजी अनुदानाशी आणि नोकरीशी जखडले गेले, हा दोष होता.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष परीक्षकाविषयी. बाजार, इन्स्पेक्टर, तराजू असे या वर्गाचे परीक्षक क्रमाने बदलत गेले. यांपैकी प्रत्येकाने मुलाचे उत्तर तपासले. परंतु मुलाने स्वतः दुसऱ्याचे उत्तर तपासावे, ही अपेक्षा फारच थोड्यांनी केली. सुप्याच्या शेतकऱ्यास नेमकी तीच शक्ती हवी होती : आपल्यासमोर ठेवलेला आकडा उलगडून पाहण्याची आणि तो चुकीचा असल्यास तसे सांगण्याची. फुल्यांनी मोडी व हिशेब एकत्र मागितले ते याचसाठी. गणिताच्या वर्गाकडून काय अपेक्षावे याचे उत्तर शोधताना अभ्यासक्रमांच्या आणि परीक्षांच्या इतिहासाइतकाच त्या जाळलेल्या खतांचाही इतिहास समोर ठेवणे आवश्यक आहे.